सागरी वाटचालीचा नवा सोबती : निवड आणि सावधानता

(कोकण किनाऱ्यावरील एका मच्छीमार सहकारी संस्थेच्या मेळाव्यात, नौकानयनाचे प्रशिक्षण देणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



आपल्या संस्थेने मला आज येथे बोलाविले, ते एका अगदी व्यवहारी प्रश्नासाठी. आपल्या सभासदांपैकी काहींनी होडीवर टॅबलेट घेतला आहे, काहीजण घेण्याच्या विचारात आहेत. त्यात समुद्रातील वाट दाखविणारे ॲप कोणते घालावे, असा हा प्रश्न. “मास्तर, तुम्ही एक नाव सांगा, आम्ही सगळे तेच घेतो,” असे आपल्या चिटणीसांनी मला दूरध्वनीवर सांगितले. नाव सांगण्याचे मी तेव्हा टाळले, आणि आजही माझ्या बोलण्याचा प्रारंभ नावाने होणार नाही. त्याचे कारण आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी मी असेच एक नाव सांगितले होते. एका नाखव्याने माझ्या शब्दावर टॅबलेट घेतला, मी सांगितलेले ॲप त्यात घातले आणि त्याचा उपयोग शिकविण्यासाठी मला होडीवर नेले. मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. परतीच्या वाटेवर संध्याकाळी दक्षिणेकडून आभाळ भरून आले आणि वारा वाढला. आपले बंदर गाठण्याइतका अवधी नव्हता. वाटेत एक खाडी होती. तिच्यात आसरा घ्यावा असे ठरले. त्या खाडीत आमच्यापैकी कोणी फारसे गेलेले नव्हते. तांडेलांनी सुकाणू धरले होते आणि मी टॅबलेट हातात घेऊन शेजारी उभा होतो. त्यांनी विचारले, “मास्तर, पाणी किती?” मी पडदा पाहिला आणि मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, “दहा.”

तांडेल क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “दहा वाव? खाडीच्या तोंडाशी? नाही मास्तर, हे पाणी दहा वावांचे दिसत नाही.” त्यांनी इंजिनाचा वेग कमी केला आणि एका पोराला शिसे बांधलेली दोरी सोडावयास सांगितली. दोरीने दोन वावही धड दाखविले नाहीत. होडी वळविण्यात आली. पुढच्या टोकाच्या आडोशाला नांगर टाकून आम्ही ती रात्र जागून काढली. सकाळी ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखाशी वाळूच्या दांडीवर लाटा फुटून पांढऱ्याशुभ्र होत असलेल्या आम्ही सर्वांनी पाहिल्या. त्यावर कोणी काही बोलले नाही.

त्या ॲपने खोटे सांगितले नव्हते. पडद्यावरचे दहा हे दहा फूट होते. मापाचे एकक बदलण्याची सोय ॲपमध्ये होती. ते बदलावयाचे माझ्याकडून राहून गेले होते. दहा फूट म्हणजे तीन मीटर, दीड वावाहून थोडे अधिक. दहा वाव म्हणजे अठरा मीटर. आकडा एकच, एकात होडी तरते आणि दुसऱ्यात ती वाळूवर आपटून फुटते. मला आकडा वाचता आला, त्याचा अर्थ वाचता आला नाही. त्या रात्री होडीवर आम्ही सातजण होतो. सातही परत आलो, ते ॲपमुळे नव्हे आणि माझ्यामुळे तर नव्हेच नव्हे; ज्या माणसाने पडद्यावरील आकड्याला उलट प्रश्न विचारला, त्याच्यामुळे आलो.

म्हणून मित्रहो, आज मी आपल्याला एवढेच सांगावयास आलो आहे की, ज्या ॲपला आपल्या तांडेलाला प्रश्न विचारता येतात आणि ज्याची उत्तरे त्याला पडताळून पाहता येतात, ते ॲप चांगले. असे प्रश्न कोणते, ते आता क्रमाने पाहू.

कामे तीन, साधने निरनिराळी

सर्वप्रथम एक गोंधळ दूर केला पाहिजे. होडीवरच्या टॅबलेटमध्ये आपण जी ॲपे घालतो, त्यांची कामे तीन प्रकारची असतात. पहिले काम वाट दाखविण्याचे : आपण कोठे आहोत, पुढे खडक आहे की वाळू, खोली किती, बंदर कोणत्या दिशेला. दुसरे काम माहिती देण्याचे : वारा, लाटा, वादळाचा इशारा, मासळी मिळण्याचा संभव कोठे आहे. तिसरे काम संपर्काचे : संकटात आपला आवाज किनाऱ्यापर्यंत पोहोचविण्याचे.

माहितीच्या कामासाठी हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राची सेवा आपल्याला उपलब्ध आहे. १९९९ मध्ये स्थापन झालेले हे केंद्र उपग्रहांच्या साहाय्याने समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य यांचा अभ्यास करून मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची सूचना देते. लाटांचे व भरती-उधाणाचे इशारेही तेथून मिळतात. आभाळ ढगांनी भरलेले असले की उपग्रहाला समुद्राचा पृष्ठभाग नीट दिसत नाही, हेही लक्षात ठेवावे. संपर्काच्या कामासाठी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या तंत्रज्ञानावर आधारलेल्या ट्रान्सपाँडर योजनेचा देशव्यापी प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे, पंतप्रधानांच्या हस्ते झाला. सुमारे ३६० कोटी रुपयांच्या या योजनेत किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेश मिळून १ लाख यांत्रिक होड्यांवर ही यंत्रे टप्प्याटप्प्याने बसवावयाची आहेत. मोबाइलची रेंज नसलेल्या खोल समुद्रातूनही उपग्रहामार्फत दुहेरी संदेश पाठविण्याची सोय त्यात आहे.

ही साधने मोलाची आहेत. परंतु मासळीची सूचना देणारे ॲप खडक दाखवीत नाही आणि खडक दाखविणारे ॲप संकटाचा संदेश पोहोचवीत नाही. एकाने दुसऱ्याचे काम करावे अशी अपेक्षा धरली की अपघाताची सुरुवात तेथेच होते. माझे पुढील बोलणे फक्त पहिल्या कामाविषयी, म्हणजे वाट दाखविणाऱ्या ॲपविषयी आहे.

नकाशा कोणाचा?

दुकानात आपण पडद्याचा आकार पाहतो, रंग पाहतो, बोटाने नकाशा कसा झरझर सरकतो ते पाहतो. पण ॲप हे ताट आहे. जेवण म्हणजे त्यातील नकाशा. म्हणून पहिला प्रश्न असा की, यात नकाशा कोणाचा आहे, आणि तो केव्हाच्या मोजणीवर आधारलेला आहे?

आपल्या किनाऱ्याच्या सागरी मोजणीचे अधिकृत काम भारतीय नौदलाचा जलालेखन विभाग करतो. १८७४ मध्ये कलकत्त्यास सुरू झालेली ही परंपरा १९५४ पासून देहरादून येथील कार्यालयातून चालू आहे. आज तेच राष्ट्रीय जलालेखन कार्यालय म्हणून ओळखले जाते. कागदी नकाशे आणि संगणकीय नकाशे ही दोन्ही तेथून प्रसिद्ध होतात. नवा खडक, हललेला बोया, बदललेला दिवा यांच्या दुरुस्त्याही नाविकांसाठी वेळोवेळी जाहीर होतात. ॲपमधील नकाशा या अधिकृत नकाशावरून घेतलेला आहे का, त्यात दुरुस्त्या येतात का आणि वर्षाचे शुल्क संपले की त्या बंद होतात का, हे विकत घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

या बाबतीत ॲपांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. नेव्हिऑनिक्ससारख्या ॲपमध्ये नकाशा कंपनीने स्वतः तयार करून दिलेला असतो आणि त्यासाठी दरवर्षी पैसे भरावे लागतात. ओपन-सीपीएनसारख्या कार्यक्रमात नकाशे आपल्याला वेगळे मिळवून घालावे लागतात. पहिला वर्ग सोपा, दुसरा मेहनतीचा. कोणताही एक चांगला आणि दुसरा वाईट असे मी म्हणणार नाही. मात्र रस्त्यावरच्या मोटारीला वाट दाखविणारा साधा नकाशा समुद्रात वापरू नये, हे निक्षून सांगतो. त्यात किनाऱ्यापलीकडे सर्वत्र एकसारखा निळा रंग दिसतो. तो निळा रंग म्हणजे पाण्याची खोली नव्हे. मोटारीचा रस्ता जेथे संपला, तेथे नकाशा काढणाऱ्याचे काम संपले, एवढाच त्याचा अर्थ.

नकाशा उत्तम असला तरी त्याला काही गोष्टी ठाऊक नसतात. आपल्या खाड्यांच्या मुखाशी असलेली वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते. मे महिन्यातील वाट ऑगस्टमध्ये राहीलच असे नाही. डोल जाळ्यांचे खुंट नकाशावर नसतात. गेल्या वर्षी बुडालेल्या होडीचा सांगाडा नकाशावर येण्यास वेळ लागतो. आणखी एक बारकावा आहे. जुने कागदी नकाशे पृथ्वीच्या ज्या जुन्या मोजमापावर काढलेले होते, ते आजच्या उपग्रहीय मोजमापाहून वेगळे आहे. जुन्या नकाशावरून उतरवून घेतलेले अक्षांश-रेखांश टॅबलेटमध्ये जसेच्या तसे घातले, तर आपल्या किनाऱ्यावर शंभरेक मीटरचा फरक पडू शकतो. खाडीच्या अरुंद वाटेत शंभर मीटर म्हणजे संपूर्ण वाटच होय.

रेंज गेल्यावर काय उरते?

दुसरा प्रश्न : मोबाइलची रेंज नसताना हे ॲप चालते का? टॅबलेटला आपली जागा उपग्रहावरून कळते, त्यासाठी मोबाइलची रेंज लागत नाही. परंतु नकाशा आधीच टॅबलेटमध्ये उतरवून ठेवलेला नसेल, तर रेंज जाताच आपला ठिपका कोऱ्या पडद्यावर फिरू लागतो. म्हणून बंदर सोडण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या टापूचाच नव्हे, तर आसऱ्यासाठी जेथे जावे लागेल त्या उत्तर-दक्षिणेच्या खाड्यांचाही तपशीलवार नकाशा उतरवून ठेवावा. वादळ आपल्याला नेहमीच्या टापूत गाठील, असा करार त्याने आपल्याशी केलेला नाही.

यातच टॅबलेटची निवडही येते. सिमकार्ड न घेणाऱ्या स्वस्त टॅबलेटांपैकी पुष्कळांत उपग्रहाचा संकेत घेणारा भागच नसतो. दुकानात ते शहरातील वाय-फायच्या आधारे जागा दाखवितात आणि समुद्रात गेल्यावर मुके होतात. याची परीक्षा सोपी आहे. टॅबलेट उघड्या मैदानात न्यावा, त्याचा सर्व संपर्क बंद करावा आणि ठिपका आपल्याबरोबर चालतो का, ते पाहावे. चालला नाही, तर तो टॅबलेट होडीसाठी घेऊ नये.

आकड्यांची भाषा

तिसरा प्रश्न आकड्यांचा. माझी गोष्ट आपण ऐकलीच आहे. परदेशी ॲपांत खोली पुष्कळदा फुटांत असते, आपल्या अधिकृत नव्या नकाशांत ती मीटरमध्ये असते आणि आपल्या तोंडी वाव असतो. होडीवर सर्वांनी मिळून एक माप ठरवावे, ॲपमध्ये तेच लावावे आणि आकडा उच्चारताना मापाचे नाव घेतल्याशिवाय तो उच्चारू नये. “दहा” असे कोणी म्हटले, तर “दहा काय?” असे विचारण्याचा हक्क लहानात लहान खलाशालाही असावा.

नकाशावरील खोली ही ओहोटीच्या जवळजवळ सर्वांत खालच्या पातळीपासून धरलेली असते. प्रत्यक्ष पाणी त्यात भरतीची उंची मिळवून काढावे लागते. मुंबईत उधाणाच्या भरतीला पाणी या पातळीपेक्षा साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते, दक्षिणेकडे मालवणाच्या बाजूला ते कमी चढते. ॲपमधील भरतीची वेळ बहुधा जवळच्या मोठ्या बंदराची असते. खाडीत आत जावे तशी भरती उशिरा लागते. हे गणित आपल्या वडीलधाऱ्यांना तिथीवरून तोंडपाठ असते. ॲपचे आणि त्यांचे गणित जुळते का, ते रोज पाहावे. जुळले नाही तर कारण शोधावे.

अक्षांश-रेखांशाची गोष्ट तर याहून नाजूक आहे. ते लिहिण्याच्या तीन पद्धती आहेत आणि ॲपमध्ये त्यांपैकी कोणतीही एक लावता येते. समजा, पडद्यावर सतरा अंश ३०.५० मिनिटे असे दिसते. घाबरलेल्या माणसाने ते “सतरा अंश, तीस मिनिटे, पन्नास सेकंद” असे कळविले, तर किती फरक पडेल? अर्धे मिनिट म्हणजे तीस सेकंद. त्याने सांगितले पन्नास. फरक वीस सेकंदांचा. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. त्याचा तिसरा हिस्सा, सहाशे मीटरहून अधिक. रात्रीच्या लाटांत माणसाचे डोके शंभर मीटरवरून दिसणे कठीण; सहाशे मीटर दूर शोधणारे जहाज त्याच्या बाजूने निघून जाईल. म्हणून आपला ठावठिकाणा मोठ्याने आणि बरोबर कसा सांगावयाचा, याचा सराव प्रत्येक खलाशाकडून धक्क्यावरच करून घ्यावा. पडलेल्या माणसाची जागा एका बोटाने नोंदवून ठेवण्याचे बटण बहुतेक ॲपांत असते. ते कोठे आहे, हे अंधारातही हाताला ठाऊक पाहिजे.

लहान केलेला नकाशा

चौथा प्रश्न अनुभवी लोकांनाही चकविणारा आहे. संगणकीय नकाशा लहान करून दूरचे पाहू लागलो, की गर्दी होऊ नये म्हणून पडद्यावरील बारीक तपशील आपोआप गळतात. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी आपल्याच हिंदी महासागरात, मॉरिशसच्या ईशान्येला, कार्गाडोस काराजोस नावाच्या प्रवाळ खडकांवर टीम व्हेस्टास विंड ही जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतील शिडाची नौका रात्रीच्या वेळी वेगाने जाऊन आदळली. नौकेवर नऊ कसलेले दर्यावर्दी होते आणि उत्तम साधने होती. परंतु मार्ग आखताना त्यांनी नकाशा ज्या प्रमाणात पाहिला, त्या प्रमाणात तेथील धोका जसा दिसावयास हवा होता तसा दिसला नाही. पुढे नेमलेल्या चौकशी समितीनेही संगणकीय नकाशांच्या अपुऱ्या वापराकडे बोट दाखविले. नऊहीजण वाचले, हे सुदैव. खडक नकाशात होता. फक्त मोठा करून पाहणाऱ्यालाच तो दिसणार होता.

यावरून आपण एक नियम करावा. मार्ग आखून झाला, की बंदरापासून बंदरापर्यंत सबंध रेषेवरून बोट फिरवीत, नकाशा मोठा करून तो पुन्हा तपासावा. काही ॲपे आपण होऊन मार्ग आखून देतात. तो मार्ग म्हणजे सूचना समजावी, आज्ञा समजू नये. बहुतेक ॲपे उघडताना प्रारंभीच एक इशारा दाखवितात की, केवळ यावर विसंबून नौका चालवू नये. आपण तो न वाचता पुसून टाकतो. ॲप बनविणाऱ्याला जेवढा त्याच्या मालावर भरवसा नाही, तेवढा आपण का ठेवावा?

मोठ्या जहाजांविषयीही हेच. काही ॲपे आजूबाजूची जहाजे पडद्यावर दाखवितात. ही माहिती होडीवर बसविलेल्या रेडिओ यंत्राकडून येत असेल, तर ती त्या क्षणाची असते. इंटरनेटवरून येत असेल, तर ती काही मिनिटे जुनी असू शकते आणि रेंज गेल्यावर थांबते. शिवाय ज्या लहान होड्यांवर असे यंत्र नाही, त्या पडद्यावर दिसतच नाहीत. मुंबई बंदराच्या वाटेवर पहारा ठेवणाऱ्या दोन डोळ्यांची जागा अजून कोणत्याही ॲपने घेतलेली नाही.

ऊन, पाणी आणि खारा वारा

ॲप कितीही चांगले असले, तरी टॅबलेट शेवटी दिवाणखान्यासाठी बनविलेली वस्तू आहे. पुष्कळ टॅबलेट सुमारे ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरावेत, असे त्यांचे उत्पादक सांगतात. एप्रिलच्या दुपारी उघड्या डेकवर ठेवलेला टॅबलेट तापून आपोआप बंद पडतो. तो सावलीत, हवा लागेल असा बांधावा. उन्हात पडदा वाचता येतो का आणि ओल्या बोटांना तो दाद देतो का, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे. पाण्यापासून संरक्षणाचा जो अंक वेष्टनावर असतो, त्याची परीक्षा गोड्या पाण्यात झालेली असते. खारे पाणी विजेच्या जोडणीचे छिद्र कुरतडते. म्हणून जलरोधक वेष्टन, होडीच्या बॅटरीवरून वीज देणारी पक्की जोडणी आणि गोड्या पाण्याने पुसण्याची सवय या तिन्ही गोष्टी हव्यात.

एक सूचना विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. टॅबलेटच्या आवरणात आणि ध्वनिवर्धकात चुंबक असतात. तो होकायंत्राजवळ ठेवला, तर होकायंत्राची सुई बहकते. नव्या सोबत्याने जुन्या सोबत्याला खोटे बोलावयास लावू नये, एवढे अंतर दोघांत ठेवावे.

परीक्षा आपल्याच पाण्यात

आता निवड कशी करावी? माझी सूचना अशी की, संस्थेने सर्वांसाठी एकदम खरेदी करू नये. दोन-तीन होड्यांवर निरनिराळी ॲपे घालून पाहावीत, आणि तीही स्वच्छ दिवशी, आपल्या माहितीच्या वाटेवर. परीक्षेसाठी पाच जागा ठरवाव्यात : आपला धक्का, खाडीचे मुख, दीपगृह नेमके आडवे येते ती जागा, आपल्याला ठाऊक असलेला एखादा पाण्याखालचा खडक आणि नेहमीचा नांगर टाकण्याचा ठाव. या पाचही ठिकाणी ॲप काय सांगते आणि डोळे, दोरी व तांडेल काय सांगतात, हे वहीत लिहावे. महिनाभराने त्या वह्या समोर ठेवून संस्थेत चर्चा करावी. ज्या ॲपची वही सर्वांत कमी खोडाखोडीची, ते घ्यावे. त्यात मराठीची सोय असेल तर उत्तमच. नसेल तर त्यातील खुणांचा मराठी तक्ता करून सुकाण्याजवळ चिकटवावा.

या कामात तरुणांना आणि वृद्धांना एकत्र बसवावे, अशी माझी विशेष विनंती आहे. आपल्या वडीलधाऱ्या तांडेलांजवळ एक मोठे धन आहे. डोंगरावरचे देऊळ आणि त्याखालचे झाड एका रेषेत आले, आणि दुसऱ्या बाजूला किल्ल्याचा बुरूज टेकडीच्या खांद्याला लागला, की खाली खडक आहे, हे त्यांना ठाऊक असते. ही खूण कोणत्याही कंपनीच्या नकाशात नाही. ती एका पिढीच्या डोक्यात आहे आणि ती पिढी आता थकली आहे. झाड तुटते, टेकडीवर इमारत उभी राहते आणि खूण पुसली जाते. टॅबलेटचा सर्वांत मोठा उपयोग माझ्या मते येथे आहे. आजोबांना होडीवर न्यावे, ते “हे येथे” म्हणतील तेथे जागा नोंदवावी आणि पुढे त्यांच्या शब्दांत कारण लिहावे. मासळीच्या जागा ज्याने त्याने स्वतःजवळ ठेवाव्यात, ते घराचे धन आहे. पण खडकाच्या जागा सर्वांनी सर्वांना द्याव्यात. मासा लपविता येतो, धोका लपवू नये. संस्थेने अशा धोक्यांची एक सामायिक यादी करून दर मोसमाच्या आरंभी ती दुरुस्त केली, तर तो आपल्या टापूचा असा नकाशा होईल की जो कोठेही विकत मिळणार नाही.

पैसा प्रथम कशावर?

सभेपूर्वी एका भगिनीने मला विचारले, “होडीचा हिशेब मी ठेवते. पैसे थोडे आहेत. यातले आधी काय घ्यावे?” आजच्या सभेतील सर्वांत शहाणा प्रश्न हाच होता. त्याचे उत्तर मी सर्वांसमक्ष देतो. आधी प्रत्येक माणसाला एक याप्रमाणे जीवरक्षक जाकिटे, आणि ती पेटीत नव्हे, अंगावर. त्यानंतर संकटाचा संदेश देणारे साधन. ट्रान्सपाँडरविषयी आपल्या जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी. त्यानंतर चांगले होकायंत्र आणि आपल्या टापूचा कागदी नकाशा. त्यांना बॅटरी लागत नाही. टॅबलेट आणि ॲप यांचा क्रम यांच्यानंतर. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन क्रमांक तर फुकट आहेत. ते होडीवर रंगाने लिहावेत आणि घरातल्या भिंतीवरही लिहावेत. कारण होडी वेळेवर आली नाही, तर पहिली हाक किनाऱ्यावरूनच जावयाची असते.

मित्रहो, मी यंत्राचा विरोधक नाही. आपल्या पूर्वजांच्या हाती होकायंत्र आले, तेव्हा त्यांनी तारे पाहावयाचे सोडले नाही. इंजिन आले, तेव्हा वारा ओळखण्याचे सोडले नाही. जे नवे आले, ते त्यांनी जुन्याच्या शेजारी बसविले आणि दोघांची साक्ष जुळते का, ते पाहिले. टॅबलेटलाही तसेच शेजारी बसवावयाचे आहे, सुकाण्यावर नव्हे.

मी ज्या रात्रीची गोष्ट सांगितली, ते तांडेल आता समुद्रावर जात नाहीत. त्यांचा नातू ती होडी चालवितो. मागच्या मोसमात मी त्याला भेटलो, तेव्हा त्याच्या टॅबलेटच्या कडेला कागदाची एक पट्टी चिकटविलेली दिसली. तीवर मोठ्या अक्षरांत दोनच शब्द होते : “दहा काय?” आपल्या प्रत्येक होडीवर हा प्रश्न विचारला जावो, आणि त्याचे उत्तर देणारा माणूस प्रत्येक होडीवर तयार होवो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.